भाऊंचं लोणार भिंतीवरून उतरलं!

अहो, ऐकलंत का? भाऊंचं लोणार उतरलं भिंतीवरून! वहिनी स्वतः स्टुलावर चढल्या होत्या म्हणे. म्हणे कशाला, मी बघितलंच की. कपडे वाळत घालताना त्यांची खिडकी समोरच येते, आता आपण काय डोळे मिटून घ्यायचे?

कोणता फोटो ते तुम्हाला ठाऊकच आहे. 2020 च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं होतं, तेव्हाचा. लॉकडाऊनचे दिवस, बाहेरचं कुत्रं फिरकत नव्हतं तिकडे. भाऊंची तेव्हा नोकरी होती, ऑफिसच्या कामानं मेहकरला गेले ते पुढं लोणारलाही जाऊन आले. काठावर उभं राहून मोबाइलवर काढला. इतकी वर्षं नुसता ग्रुपवर फिरला. आणि रिटायर झाल्यावर डोक्यात आलं, मोठा करून हॉलमध्ये लावायचा. वीस बाय तीस, कॅनव्हास!

आता भिंत कुठं मोकळी होती? मधोमध शेगावचे महाराज, डावीकडे हार घातलेले आजोबा. भाऊ म्हणाले, महाराजांना जरा देवघराकडे घेऊ. झालं! आजींचा चेहरा असा काही उतरला... म्हणाल्या, "महाराज काय भाडेकरू हायेत कारे, ऊठ म्हटलं की उठाले?" मग काय, आजोबाच सरकले बिचारे. ट्यूबलाइटच्या खाली.

तर काय सांगत होते... हां, फोटो लावल्याचा चहाचा कार्यक्रम. शेगावची कचोरी आणली होती खास. तुम्ही माहेरी होतात ना, हुकलंच तुमचं. सगळे जमले, भाऊंनी वरचं बेडशीट ओढलं, आणि हो, कुणी काही बोलेचना! पाणी गुलाबी नाही, मिसळीच्या तर्रीसारखं लाल! आणि वरचं आकाश जांभळं.

पहिले बोलले ते आपले केमिस्ट्रीवाले सर. "भाऊ, रंग वाढवलाय का थोडा?" भाऊ म्हणाले, छे. सर सुटले ना मग! त्या वर्षी पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले होते. पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात ते हॅलोआर्किया का काय म्हणतात ते मिठात राहणारे सूक्ष्मजीव माजले, गुलाबी रंग त्यांचा. आणि गंमत म्हणजे तेच पाणी बाटलीत ठेवून दिलं तर ते जीव तळाशी बसतात आणि वर पाणी नितळ! "म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, भाऊ. आणि इतका तर नव्हताच नव्हता." वहिनींनी कचोरीची प्लेट सरांच्या पुढ्यात जरा आपटलीच.

मग भाऊंना कबूल करावं लागलं. लॅबवाल्यानं सांगितलं होतं, मोबाइलच्या पडद्याला मागून उजेड असतो, छापलं की फोटो मंद दिसतो. भाऊ म्हणाले, मग वाढव. त्यानं वाढवला, भाऊ म्हणाले, आणखी वाढव. आता लॅबवाल्याचं काय जातंय?

पण खरी गंमत पुढंच आहे. पुण्याहून पुतण्या आलेला, तो गेला जवळ, अगदी नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, फोटो फुटलाय." बघते तर काय, काठावरची झाडं म्हणजे नुसते हिरवे चौकोन! पोट्ट्यानं विचारलं, "हा व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला का?" आणि वर, अगदी साळसूदपणे, "तुम्हीच काढलाय ना, काका?"

अहो, तेव्हा भाऊंचा चेहरा बघायला हवा होता. कचोरी हातातच राहिली. फोटो त्यांचाच आहे हो, मी छातीठोक सांगते, मला त्याच संध्याकाळी पाठवला होता. झालं असं की मधे मोबाइल फॉरमॅट झाला, मूळ फोटो गेला, राहिला तो फॅमिली ग्रुपवर पाठवलेला. आणि व्हॉट्सअ‍ॅप, मुद्दाम सांगितलं नाही तर, फोटो पिळून बारीक करून पाठवतं. हातात धरून बघायला ठीक, भिंतीएवढा केला की उघडा पडतो. पण त्या जूनमध्ये सगळ्या जगाकडेच तसा फोटो होता ना, म्हणून पोराला शंका! नासानं तर 25 मे आणि 10 जूनचे, वरून उपग्रहानं घेतलेले फोटो दाखवले होते, एकात हिरवट तळं, एकात गुलाबी. मला विचाराल तर लावावा तर असा लावावा, जोडीनं. एकट्या गुलाबीला काय अर्थ? आधी कसं होतं ते नको का कळायला?

तरी भाऊ बरे हो. तो कोपऱ्यावरचा मुलगा बघा, ज्ञानगंगाच्या जंगलात हिंडतो तो. वाघ काही दिसला नाही त्याला. आपल्याकडे तो टिपेश्वरचा वाघ 1300 किलोमीटर चालून आला होता ना 2019 च्या शेवटी, तेव्हापासून याचं वेड. सापडला तर कुठल्याशा पंजाचा ठसा. तो स्टेटसला! आणि त्यावर स्वतःचं नाव, पुढं 'वाइल्डलाइफ फोटोग्राफी', ठशाहून नाव मोठं. चोवीस तासांत स्टेटस गायब होतं, तोवर कुणी कुणी बघितलं ते हा दर तासाला मोजतो. मी बघितलं नाही तर मला रस्त्यात विचारलं, "काकू, नेट बंद आहे का?"

तर काय सांगत होते... भाऊ. त्यांना हे वेड लावलं ते उद्धव ठाकऱ्यांच्या पुस्तकानं, असं वहिनी म्हणतात. हेलिकॉप्टरमधून काढलेले किल्ल्यांचे फोटो, 'महाराष्ट्र देशा', आणि मग वारीचं 'पहावा विठ्ठल'. जहांगीरमध्ये प्रदर्शन काय, जाडजूड पुस्तक काय. भाऊ म्हणाले, आपल्याला पुस्तक परवडत नाही, आपण कॅलेंडर काढू. ते कॅलेंडर! तुमच्याकडे कुठं लावलंय? दारामागं? हो ना, आमच्याकडेही फ्रीजच्या बाजूला. वाईट वाटतं, पण चतुर्थी नाही, एकादशी नाही, काय करायचं? स्वयंपाकघरात तर 'कालनिर्णय'च लागतं.

फोटो मात्र चांगले होते हां त्यात. जानेवारीला सिंदखेडराजाचा राजवाडा, बारा तारखेची जिजाऊ जयंती म्हणून. नोव्हेंबरला हेच लोणार, आणि ऐका, एवढुशा पानावर ते अगदी छान दिसतं! रंग वाढवलेला नाही, झाडंही फुटलेली नाहीत. पण सगळ्यात सुरेख ऑगस्ट. आजी मूग पाखडताहेत तो. मागच्या दारातून तिरपं ऊन आलंय, सुपातून उडालेला भुसा त्या उन्हात लटकलाय, आणि आजींनी डोळे बारीक केलेत, कपाळावरची एकेक आठी मोजून घ्या. मी भाऊंना म्हटलंसुद्धा, अहो, हा करा की मोठा, लोणार कशाला? तर म्हणाले, "विचारलं होतं मी आईला."

मग काय म्हणाल्या आजी? "जित्त्या माणसाले भिताडावर टांगतं कारे? हारपण आणून ठेव आताच!" आजोबांच्या शेजारी बसायला तयार नाहीत हो! आणि खरंच आहे ना, आपल्याकडे हॉलमध्ये एकट्या माणसाची मोठी फ्रेम म्हणजे... नको बाई, संध्याकाळच्या वेळी.

कॅलेंडर चालतं पण त्यांना. कॅलेंडरला कुणी हार घालत नाही. आता बघा, आजी ऑगस्टच्या पुढं पानच उलटू देत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून नेतात स्वयंपाकघरात, "मीच हाय ते." मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवलं म्हणे. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी झाली, त्यांच्याकडे ऑगस्टच.

आणि लोणार का उतरलं? वहिनींनीच सांगितलं, येणारा प्रत्येक जण जवळ जाऊन नाक लावतो आणि भाऊंकडे बघतो. वैतागल्या त्या. आता पलंगाखाली आहे, चादरीत गुंडाळून. आजोबा परत आपल्या जागी.

फक्त त्या ऑगस्टच्या पानाचं काही खरं नाही. वहिनी दुधाचा हिशेब त्याच कॅलेंडरवर लिहितात. ऑगस्टच्या चौकोनात सप्टेंबरचं दूध, त्यावर ऑक्टोबरचं लाल पेनानं, आता नोव्हेंबर हिरव्यानं. काल दूधवाल्याशी केवढं वाजलं त्यांचं, ऐकू नाही आलं तुम्हाला? तो म्हणतो अठरा लिटर, वहिनी म्हणतात चौदा, आणि आजी मधेच, "त्या फोटोवर बोट नको लावू रे, पुसलं जाईल!"