कंटेनर कुठे आहे ते कळतं, ट्रेलर कधी हलणार ते कळत नाही

मी उरणचा. करळ फाट्याच्या बाजूने रात्री दुचाकीवरून घरी यायचं म्हणजे डावीकडच्या ट्रेलरवर डोळा ठेवून यायचं. एकामागे एक उभे, चाकाखाली दगड, मागचे दिवे बंद. कंटेनर चढवलेला असेल तर निदान भिंतीसारखा दिसतो. रिकामं चेसिस मात्र नुसता काळा लोखंडी सांगाडा, समोरून गाडीचा झोत आला की दिसतच नाही. तक्रार लहान असेल, पण रोजची आहे.

हे ट्रेलर ज्याच्या रांगेत उभे असतात, ते न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झालं. 2024-25 मध्ये इथून सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढे डबे, हाताळले गेले. तंत्रज्ञान आलेलं नाही असं कोण म्हणेल? 2016 पासून कंटेनरला आरएफआयडी टॅग लागतो. कंटेनरच्या क्रमांकाची चार अक्षरं आणि सात आकडे टाकले की डबा कुठल्या टोलनाक्यावरून गेला ते आयातदाराला दिल्लीत बसून दिसतं. तोच डबा ओढणाऱ्या ड्रायव्हरला विचारा, गेटवर नंबर कधी? "लाइन हलली की कळेल." तोवर जेवण केबिनमध्ये आणि बाकीचं रस्त्याकडेच्या झुडपात. हे मला त्या अंधारापेक्षाही जास्त लागतं.

नुसत्या नव्या तंत्रज्ञानाने ही रांग सुटत नाही. मुंबई-पुणे हायपरलूपचा गाजावाजा आपण 2018 मध्ये ऐकला. तो आणणाऱ्या कंपनीने 2022 मध्ये प्रवासी सोडून फक्त मालवाहतुकीचं ठरवलं आणि 2023 च्या अखेरीस कंपनीच बंद झाली. आता बॅटरी बदलता येणारे विजेचे ट्रक बंदरात आले आहेत. धूर कमी होईल, त्यांचं मनापासून स्वागत. पण रांगेत विजेचा ट्रेलरही तेवढीच जागा अडवतो.

रांग मोडते ती ठरलेल्या वेळेने. लॉस एंजेलिसच्या बंदरात ट्रकवाले आधी वेळ घेऊन येतात. इथेही गेटची वेळ आदल्या दिवशी थेट ड्रायव्हरच्या मोबाइलवर यायला हवी, आणि ती पाळली गेली पाहिजे. लवकर पोचलेल्याला थांबायला नळ आणि शौचालय असलेली जागा हवी, मग तो रस्त्यावर कशाला उभा राहील? हे होईपर्यंत निदान प्रत्येक रिकाम्या चेसिसच्या मागे रिफ्लेक्टरची पट्टी आहे का, ते गेटवरच तपासा. पट्टी नसेल तर ट्रेलर बाहेर सोडू नका.