पट मोजलात, मुलं कोण ते पाहिलंत का?

खेड्यातल्या लहान हायस्कूलचं भवितव्य दरवर्षी 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. शाळेत शिक्षकांची किती पदं, हे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं तर 20 चा आकडा मधे आणून ठेवला. सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी मुलं असली, तर शिक्षकाचं नियमित पदच मंजूर नाही, असं त्यात ठरलं. मग त्या 19 मुलांना गणित कोणी शिकवायचं?

यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीवर मुख्याध्यापक काय काय भरतात ते एकदा बघा. मुलगा की मुलगी, जातीचा प्रवर्ग, मातृभाषा, दिव्यांगत्व, दारिद्र्यरेषा. लिपिक नसलेल्या शाळेत हे काम शिकवण्याच्या तासांतूनच निघतं. एवढं सगळं सरकारच्या हाती येतं आणि शाळेचा फैसला करताना उचलला जातो एकच आकडा: एकूण.

बाकीचे रकाने वाचायचे कष्ट कुणी घेतले, तर कळेल की पट घटतो तेव्हा सगळ्या घरांतून सारखा घटत नाही. ज्याला परवडतं तो पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो. गावच्या शाळेत उरतात बऱ्याचदा त्याच पोराच्या बहिणी, शेतमजुरांची मुलं, वाड्यातांड्यांवरची मुलं. म्हणजे पट जितका कमी, तितकी त्यातल्या मुलांना दुसरी वाट कमी. ज्या शाळेला शिक्षक आधी द्यायला हवा, तिचाच आधी काढला जातो.

बीडकडच्या ऊसतोड पट्ट्यात तारखेनंही घोळ होतो. 30 सप्टेंबरला पोरं वर्गात असतात. दसरा-दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याला निघतात. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर पोर गावात राहतं, नाहीतर फडावर जातं, आणि 30 सप्टेंबरचा पट कागदावरच राहतो.

शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वर्षांपुरता. पाचवीपर्यंत 1 किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंत 3 किलोमीटरच्या आत शाळा, असं नियमात बांधून दिलंय. नववीच्या मुलीला ही हमी नाही. तिचं हायस्कूल बंद झालं आणि पुढचं 8 किलोमीटरवर असलं, तर ती काय करणार? एसटीचा पास तिला फुकट मिळतो, हे चांगलंच आहे. पण सकाळची गाडीच आली नाही तर तो पास दप्तरात राहतो. भाऊ कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. तिला तसं कुणी पाठवत नाही. थोड्याच दिवसांत स्थळं यायला लागतात.

शाळा बंद करायचीच असेल, तर त्या आदेशावर एकूण पटाशेजारी लिहा: मुली किती, पुढची शाळा किती लांब, शाळेच्या वेळेला एसटी आहे का. आणि त्यातल्या किती मुली पुढे दहावीला बसल्या, ते सही करणाऱ्या साहेबांनी स्वतःच्या नावानिशी पंचायत समितीच्या फलकावर लावावं.