पैसे दोन इंचाचे

नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूर साधारण मधोमध येतं. अण्णांनी राहायला हेच गाव पकडावं, यात नियतीचा काहीतरी हिशेब असणार. गाडीचे स्प्रिंगपाटे बसवणारा त्यांचा मिस्त्री नांदेडात, टायरवाला लातुरात, आणि मध्ये अण्णांचं बी-बियाण्यांचं दुकान. दुकानासमोर त्यांची जिप्सी उभी असते. उभी म्हणजे उभीच. चालताना ती क्वचित दिसते. एरवी तिच्याखाली लाकडी ओंडका आणि ओंडक्याशेजारी बाहेर आलेले अण्णांचे दोन पाय, एवढंच दर्शन घडतं.

असा माणूस मराठवाड्यात दर तालुक्याला एक तरी निघतो. किनवट-माहूरच्या जंगलात गाडी घालायची म्हणून तो हे सगळं करतो, असा लोकांचा समज असतो. खरं तर त्याला गाडी उंच करायची असते. जंगल आपलं सांगायला बरं.

अण्णांच्या खिशात पेन सापडणार नाही, मोजायचा टेप सापडेल. "अण्णा, सोयाबीन किती खोल टाकू?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की उत्तर येतं, "दीड इंच. वर एक सूत बी नको." बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर पाट्यांच्या आकृत्या असतात. मोंढ्यातले दोन-तीन शेतकरी युरियाच्या पावतीसोबत अशी एखादी आकृती घरी घेऊन गेलेत आणि ती जपूनही ठेवलीय, न जाणो सरकारी योजना असायची.

मारुतीनं जिप्सी 1985 साली आणली तेव्हा तिचं इंजिन 970 सीसीचं होतं. 1996 साली 1300 सीसीची 'किंग' आली. अण्णांची किंग, तिसऱ्या हाताची, एमएच 24. लष्करात हीच गाडी होती, हे ते माणूस पाहून नव्हे, श्वास पाहून सांगतात. समोरच्यानं श्वास घेतला की सांगतात. जिप्सी 2019 मध्ये बंद झाली आणि 2023 मध्ये पाच दारांची जिम्नी आली. अण्णा बघायला गेले. विकणारा पोरगा आत बसून मोठा पडदा दाखवत होता आणि अण्णा बाहेर फरशीवर आडवे झाले होते. उठले ते संतापूनच. "जमिनीपासून 210 मिलिमीटर! जिप्सीची किती? 210! अडतीस वर्षांत कंपनीला एक सूत वाढवता आलं न्हाई!"

मग कंपनीचं राहिलेलं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पहिल्यांदा टायर. जुने 205/70, पंधरा इंची रिमचे, व्यास 668 मिलिमीटर. नवे घेतले 235/75, व्यास 733. म्हणजे गाडी 65 मिलिमीटर उचलणार, हे अण्णांनी आठवडाभर आधीच गावाला सांगून ठेवलेलं. टायर घालून आले, टेप लावला, तर उंची वाढली जेमतेम 33. टायरवाल्यानं फसवलं म्हणून ते परत लातूरला निघाले होते. तिथंच शिकवणीला असलेला मुलगा नेमका सुट्टीवर आला होता. त्यानं अडवलं. "पप्पा, वाढला तो व्यास. जमिनीपासून आसापर्यंत त्रिज्याच येते."

अण्णांनी बराच विचार केला. "म्हणजे निम्मे पैसे टायरच्या वरच्या अर्ध्याला गेले?"

दुःखात सुख एवढंच, की आता काटा 60 वर असतो तेव्हा गाडी 66 नं पळते आणि मीटरवर किलोमीटर कमी पडतात. ही कंजुषी मात्र त्यांना मनापासून आवडली.

दुसरा उपाय नांदेडच्या मिस्त्रीचा. हे सरदारजी ट्रकच्या पाट्यांतले जाणते. "काय करूलालाव अण्णा, अजून उचलायची?" म्हणत त्यांनी पाटा जिथं लोंबतो त्या शॅकल काढून दोन इंच लांब शॅकल घातल्या. टेप लागला. उंची एक इंच. पाट्याचं दुसरं टोक चेसीला खिळलेलं, आस मध्ये. एका टोकाला दोन इंच दिले की मध्ये एकच मिळणार, असं सरदारजींनी खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. "पैसे दोन इंचाचे आन् उंची एका इंचाची!" अण्णा म्हणाले. हिशेब बरोबर होता, फक्त निसर्गाविरुद्ध तक्रार कुठं करायची हे कुणाला सांगता येईना. भरीला पुढच्या आसाचा कोन फिरला आणि वळल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ यायचं विसरलं. परतताना लोहा गाव ओलांडेपर्यंत अण्णा रस्त्याचे दोन्ही काठ बघून आले.

तिसऱ्या उपायात मात्र निम्म्याची भानगड नव्हती. जिप्सीचे पाटे आसाच्या खालून जातात. ते वरून घेतले की गाडी एका झटक्यात पाचेक इंच चढते. चढली. शॉकप आखूड पडले, ब्रेकचे पाइप ताणले, प्रोपेलर शाफ्ट तिरका होऊन पन्नासच्या पुढं क्रॉस गुरगुरू लागला. प्रत्येक दुरुस्तीला नांदेडची एक फेरी. वहिनी स्टूल घेतल्याशिवाय आत बसू शकत नाहीत. "एवढ्या उंचावर बसून कुणाला बघायचंय म्हणते मी?" असं त्या विचारतात. स्टूल मागं ठेवावं, तर तिथं जॅक, साखळी आणि जुने पाटे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलता येत नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, हे दोन्ही मी त्यांच्या कानावर घातलं. "आपण कुठं बदललंय? पाटे तेच. खालचे वर घेतले." आरटीओच्या चौकापासून मात्र ते लांबून वळतात.

यंदा पाऊस चांगला झाला तेव्हा अण्णांनी जिप्सी स्वतःच्याच शेतात घातली. मन्याडच्या खोऱ्यातली काळी जमीन. बांधापासून हाकेच्या अंतरावर गाडी थांबली. चारही चाकं जीव तोडून फिरत होती. मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियलचा जो लोखंडी फुगवटा असतो, ज्याला गॅरेजवाले गोळा म्हणतात, तो दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर जाऊन बसला होता. 210 चे 243 झाले ते टायरमुळं. शॅकल आणि पाटे मिळून सहा इंच चढलं होतं ते वरचं खोकं, अण्णांसकट. गोळा जिथल्या तिथं.

आबा, म्हणजे अण्णांचे वडील, बांधावर बसले होते. त्यांनी विडी विझवली.

"बैलगाडीचा आस एवढा वर कामून ऱ्हातोय? चाक मोठं म्हनून. साटा कितीबी उचल, आस चाकाचंच ऐकतोय."

माझ्या मते सगळ्या प्रकरणात एवढं सरळ वाक्य सरदारजींनीही उच्चारलं नव्हतं. अण्णांना ते पटलं, हेच वाईट झालं. चिखलात उभ्या उभ्या त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे 31 इंची टायर! कंपनीच्या टायरपेक्षा आसाला सव्वादोन इंच! मडगार्ड कापावं लागंल. घाटात पाचवा गिअर ओढणार न्हाई, पण पाचवा लागतोय कुणाला?"

शेजारच्या शेतातला पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. साखळी अडकवली, इंजिन ताणलं.

"थांब रे!" अण्णा ओरडले. "ओढू नको आत्ताच."

"अण्णा, तासाचं भाडं चढलालंय."

"चढू दे," म्हणून अण्णा गाडीखाली सरकले. "गोळा किती सूत आत गेलाय ते मोजू दे आधी. नवीन टायर त्याच्यावरच ठरणार."