शेजारच्या खोलीतला परदेश

विंडोजवरचा फोटो शेजारच्या खोलीतल्या लिनक्सवर न्यायचा, एवढंच काम. राउटर एक, वायफाय एक, तरी दोघांचं वागणं वाटणीच्या दाव्यातल्या भाऊबंदांसारखं. मध्यस्थ म्हणून आहे सांबा, लिनक्सला विंडोजची फाइलवाटपाची बोली ‘एसएमबी’ बोलायला लावणारा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तारेवरची देवाणघेवाण न्याहाळून ही बोली उलगडली. तिचे अधिकृत कागद मायक्रोसॉफ्टने सांबावाल्यांना दिले ते २००७ च्या अखेरीस, युरोपच्या न्यायालयात हरल्यावर. तेही फुकट नव्हे, १०,००० युरो घेऊन!

आता तरी फोटो जावा की नाही? पण सांबाला लिनक्सचा पासवर्ड चालत नाही, स्वतःचा वेगळा लागतो. तो दिला, तर फोल्डरची परवानगी आडवी येते. त्यात २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने धुमाकूळ घातल्यावर त्या बोलीची जुनी आवृत्ती एसएमबी-१ रीतसर निवृत्त झाली. योग्यच झालं म्हणा. फक्त जाताना तिने ‘नेटवर्क’च्या यादीतून शेजाऱ्याचं नावही नेलं. मग आयपी पत्ता पाठ करा. राउटर तो कधी बदलेल, याचा नेम नाही.

शेवटी सुज्ञ गृहस्थ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतो. फोटो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून शेजारच्या खोलीत पोचतो, थोडा धूसर होऊन.