कलम भलतंच

चार बाइटांचा आकडा मेमरीतून एका दमात उचलायचा, तर त्याच्या पत्त्याला चारने भाग गेला पाहिजे, असा जुना दंडक आहे. इंटेलचे प्रोसेसर तिकडे सहसा काणाडोळा करतात. मिप्स कडक सोवळ्यातला; भाग गेला नाही की जागच्या जागी काम बंद. म्हणून टेबलावरच्या पीसीवर गुण्यागोविंदाने चालणारा ड्रायव्हर मिप्सच्या राउटरवर आडवा होतो आणि मॅनेजर विचारतात, "अहो, पण तुमच्याकडे चालत होतं ना?"

त्यात इथरनेटचा हेडर १४ बाइटांचा. १६ केला असता तर कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण १४ च, त्यामुळे मागचा आयपी हेडर वाकडा बसतो. मग ड्रायव्हरवाले पुढे दोन बाइट रिकामे सोडून त्याला सरळ करतात.

तर आमचा राउटर कोसळला. कन्सोलवर आरोपपत्र: 'अनहँडल्ड कर्नल अनअलाइन्ड ॲक्सेस'. झालं! सगळी टीम कोडमध्ये बाइट दाटीवाटीने, वाकडे का होईना, बसवणारा 'पॅक्ड' शब्द शोधत सुटली. जिथे दिसेल तिथे संशयित.

वास्तविक लिनक्स इतका निष्ठुर नाही. मिप्सवर नुसताच वाकडा पत्ता आला, तर कर्नल ती सूचना स्वतः समजून घेतो, बाइट गोळा करून देतो आणि कुठे बोलत नाही. तोच 'अनहँडल्ड' म्हणून ओरडतो, तेव्हा पाणी कुठेतरी वेगळंच मुरत असतं.

मी खालची ओळ पाहिली. 'बॅडव्हीए', म्हणजे ज्या पत्त्यावर घोडं अडलं तो: 6बी6बी6बी6बी. सरळ पत्त्याच्या शेवटी 0, 4, 8 किंवा सी येतो. इथे बी, म्हणजे अकरा, चक्क विषम. पण हा पत्ताच नव्हे. स्लॅबचं, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या खात्याचं, डीबगिंग चालू असलं की कर्नल मोकळ्या केलेल्या मेमरीत 6बी भरून ठेवतो. म्हणजे कुणीतरी मेमरी परत करून टाकली होती आणि दुसरं कुणीतरी तिथूनच पॉइंटर वाचत होतं. खून करून पळणाऱ्याला पुण्यातल्या चौकात हेल्मेट नाही म्हणून अडवावं आणि पावती फाडावी, तसला हा प्रकार.

पुढचं सोपं होतं. 'ईपीसी', म्हणजे जी सूचना अडली तिचा पत्ता, त्यावरून फंक्शन कळलं: टायमरचं. ड्रायव्हर जाताना सगळं आवरून गेला, टायमर तेवढा थांबवला नव्हता. तो इमानदारीत वेळेवर वाजला.

एका ओळीत काम झालं. मॅनेजरांनी अहवालात मात्र कारण लिहिलं 'अलाइनमेंट'. फॉर्मच्या यादीत तेवढंच होतं. 'इतर' निवडलं की वरिष्ठांची सही लागते.