शिफ्ट बदलताना

चाकणच्या कारखान्यात पहिली शिफ्ट दुसरीला चार्ज देते तेव्हा रजिस्टरवर सही होते, 'तीन नंबरचं मशीन आवाज करतंय' एवढं सांगून माणूस बस पकडतो. अँड्रॉइडकडून आयफोनला चार्ज द्यायला मात्र अख्खा रविवार जातो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचं सोवळं वेगळंच! गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनला चालत नाही. २०२२ पासून त्या थेट हलवायची सोय झाली, पण सेटअपच्या वेळीच, फोन कोरा असताना. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेनं आधीच सगळं लावलं, फोन देवापुढे ठेवला, पेढेही वाटले. मग पुसा पाटी!

शिवाय गूगलच्या फुकट १५ जीबीत ऐसपैस पसरलेला संसार आयक्लाउडच्या फुकट ५ जीबीत कोंबायचा, म्हणजे पिंपळे सौदागरचा टू-बीएचके सोडून चिखलीच्या एका खोलीत यायचं. भाडं, म्हणजे हप्ता, मात्र चढा. मनगटावरच्या जुन्या घड्याळानं तर नव्या फोनशी बोलणंच टाकलं.

सोमवारी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं त्या लाखाच्या फोनच्या तिन्ही कॅमेऱ्यांवर मुकाट्यानं स्टिकर चिकटवले. जुन्याला एकच पुरायचा.