नायक गुणी, निर्व्यसनी हवा

नायक लग्नाच्या स्थळासारखा पारखणाऱ्या वाचकांच्या अटी दोनच: माणूस आवडला पाहिजे आणि गोष्ट सरळ पुढे गेली पाहिजे. या अटींवर ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पहिल्याच फेरीत बाद! वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, गावी परततो. कथानक म्हणाल तर एवढंच. तरी १९६३ पासून त्याचे वाचक काही संपत नाहीत. १९७२च्या नाटकातला सखाराम बाइंडर तर नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवतो, वर मारतो. सेन्सॉरलाही तो रुचला नाही. म्हणजे ही अभिरुची सरकारमान्य आहे.

कुणी म्हणेल, दिवसभर नकोशी माणसं सोसल्यावर रात्री पुस्तकातही तीच कशाला? रास्त आहे. रहस्यकथेत खुनी सापडला नाही, तर पैसेही परत मागावेत. पण सखाराम लग्नसंस्थेच्या ढोंगावर बोलतो तेव्हा त्याचं पटतं, आणि अशा माणसाचं पटावं हेच खुपतं. सज्जन नायकाकडून हे काम झालं नसतं. शिवाय अट लावायचीच तर बायको पणाला लावणाऱ्या धर्मराजाला द्यूतसभेतच गाळावं लागेल. उरलेल्या पर्वांचं काय करायचं, ते संपादकांनी बघावं.